गाजावाजा की गुपचूप काम: उबुंटू आणि ओपनबीएसडी

मुक्त सॉफ्टवेअरने स्वतःचा गाजावाजा करावा की गुपचूप काम करत राहावं? उबुंटू (लिनक्सवर उभी असलेली, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) २००४ साली आलं ते घराघरात पोचायचं ठरवूनच. मागेल त्याला सीडी घरपोच, टपालखर्चासकट फुकट; २०११पर्यंत हे चाललं. पाकीट फोडायचं, सीडी घालायची, आणि इन्स्टॉल न करताच डेस्कटॉप समोर! लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावरच्या कमांड, ही भीती तिथेच गळून पडायची. शिवाय वापरणारे वाढले की हार्डवेअर कंपन्याही ड्रायव्हरचं (त्यांचं हार्डवेअर त्या सिस्टिमवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) मनावर घेतात. पण गर्दीबरोबर अपेक्षाही येतात. वायफाय चालेना की नवखा माणूस त्याच संध्याकाळी जुन्या सिस्टिमवर परततो, आणि तीच तीच उत्तरं देऊन स्वयंसेवक थकतात.

ओपनबीएसडी ही दुसरी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम. ते १९९५पासून जाहिरातीच्या फारसं वाटेला गेलेलं नाही. कोड पुन्हा पुन्हा तपासायचा, सुरक्षितता आधी. त्यांचंच ओपनएसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं साधन) १९९९मध्ये आलं, आज जगभरच्या सर्व्हरवर आहे. ते कुणी बनवलं हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. २०१४च्या सुरुवातीला तर वीजबिल भागवण्यासाठी त्यांना जाहीर मदत मागावी लागली. बातमी पसरली, तेव्हा कुठे देणग्या आल्या.

म्हणून मी प्रसिद्धीच्याच बाजूने आहे. फक्त आधी शिकवणारे हात वाढवा, मग डंका पिटा.