विमानाचं सॉफ्टवेअर : कोड लिहायचा की तपासायचा?

बंगळुरूत एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात, नुकत्याच लागलेल्या एका मुलीने विचारलं, "दादा, डेव्हलपमेंट मागू की व्हेरिफिकेशन?" कंपन्यांच्या जाहिराती बाजूला ठेवून सांगतो.

रोजचं काम : डेव्हलपमेंट म्हणजे दिवसभर कोडिंग, असं समजू नकोस. सी किंवा एडा या प्रोग्रामिंग भाषांमधली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या रिक्वायरमेंटशी, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं या लेखी अपेक्षेशी, जोडून दाखवावी लागते. बराच वेळ डिझाइन आणि रिव्ह्यूत जातो. व्हेरिफिकेशनमध्ये टेस्ट लिहिणं, चालवणं, पुरावा जमवणं. तेच तेच वाटतं, हे खरं.

शिकणं : इथे मला व्हेरिफिकेशन सरस वाटतं. विमानाच्या सॉफ्टवेअरसाठीच्या २०११ च्या डीओ-१७८सी मानकात सर्वांत कडक लेव्हल ए साठी ७१ उद्दिष्टं आहेत आणि त्यांतली बहुतेक तपासणीचीच. एमसी/डीसी कव्हरेज या तपासणीच्या निकषासाठी कोडमधल्या निर्णयातली प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलते, हे सिद्ध करावं लागतं. ते करताना उड्डाणाचं तर्कशास्त्र हाडात मुरतं. शिवाय या पातळीवर स्वतःचा कोड स्वतःच तपासून चालत नाही, त्यामुळे तपासणाऱ्याच्या शब्दाला वजन असतं.

नोकरी बदलणं : डेव्हलपरचं एम्बेडेड सी (यंत्रात बसवलेल्या सॉफ्टवेअरसाठीचं सी) मोटार, वैद्यकीय उपकरणं, सगळीकडे चालतं. टेस्ट स्क्रिप्टवर वर्षानुवर्षं राहिलं, तर कोडिंगचा हात सुटतो.

विमानक्षेत्रातच राहायचं, सिस्टिम किंवा सर्टिफिकेशनकडे (विमानाला मंजुरी मिळवण्याच्या कामाकडे) जायचं असेल, तर आधी व्हेरिफिकेशन घे. वाट मोकळी ठेवायची असेल, तर डेव्हलपमेंट.