'अस्थिर' लिहावं की 'डळमळीत'?

भाषांतर करताना, बातमी लिहिताना किंवा सोसायटीच्या फलकावर सूचना लावताना हा प्रश्न हमखास पडतो. अर्थ दोन्हींचा सगळ्यांना ठाऊक आहे, तो सांगत बसत नाही. माहितीपत्रकांची भाषांतरं करता करता माझा कौल बराचसा ठरत गेला, तेवढा सांगतो.

'अस्थिर'ची जागा जिथे पक्की आहे तिथे वादच नाही. किरणोत्सारी मूलद्रव्याचं केंद्रक अस्थिरच असतं. हवामान, बाजारभाव, एखादा कालखंड यांनाही तोच शब्द शोभतो. 1996 ते 1999 मध्ये लोकसभेच्या तीन निवडणुका झाल्या. तो काळ अस्थिर, यात दुमत नसावं. पण त्यातलंच एक सरकार घ्या. एप्रिल 1999 मध्ये अण्णाद्रमुकने पाठिंबा काढला आणि वाजपेयी सरकार डळमळू लागलं. 17 तारखेला एका मताने पडलं. मधल्या दोन-तीन दिवसांत सरकार उभं होतं, पण आधार सुटलेला होता. हे 'डळमळू लागलं' एवढ्यात आलं.

माझं घोडं अडतं ते इथेच. 'अस्थिर'ला स्वतःचं क्रियापद नाही. मग 'अस्थिर होण्याची प्रक्रिया सुरू झाली', 'अस्थिरता निर्माण झाली आहे' अशी लांबण लागते. छापून आलेल्या मजकुरात ही वाक्यं इतकी भेटतात की वाचताना जीव कंटाळतो. डळमळतंय, डळमळलं, डळमळायला लागलंय: किती बिघडलंय आणि कधीपासून, सगळं त्या एका शब्दात बसतं.

वस्तूला पाय असतील तर मी आणखी खाली उतरतो. 'शिडी अस्थिर असल्यास वापर टाळावा' असं एका सूचनेत होतं. रंगकाम करणाऱ्या दादांनी ते वाचलं, मान हलवली आणि त्याच शिडीवर चढायला निघाले. 'शिडी डुगडुगत असेल तर चढू नका' असं लिहिल्यावर त्यांनी आधी शिडी हलवून पाहिली, मग एका पायाखाली फळकुट सारलं. एवढ्यावरून नियम करू नये, पण माझ्यापुरता प्रश्न तिथे मिटला.

माणसाच्या निर्धारासाठी 'डगमगणे' आहेच, मात्र तो शब्द बहुधा नकारातच खुलतो: न डगमगता, डगमगला नाही. भीतीने पाय मात्र लटपटतात.

प्रकृतीच्या बाबतीत दोन्ही चालतात, फक्त जपून. 'त्यांची प्रकृती हल्ली डळमळीतच असते' म्हणजे दुखणं जुनं आहे, माणूस घरात हिंडतोफिरतो आहे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाबद्दल लिहायचं असेल तर 'अस्थिर'च ठेवा.