एसीचा गॅस संपलाच नव्हता

बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेरुळहून वाशीला न्यावं लागतं. मे महिन्यात दुपारी दोनला त्यांना घेऊन निघायचं म्हणजे गाडीचा एसी चालायलाच हवा. डायलिसिसच्या माणसाला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. घशाला कोरड पडली तरी मनासारखं पाणी पिता येत नाही. हे आधी सांगते, कारण गॅरेजवाल्याने नेमकं हेच हेरलं.

गाडी पामबीच रोडवर पळत असली की एसी ठीक चालायचा, वाशीच्या सिग्नलला थांबलो की गरम वारा यायला लागायचा. खरं दुखणं यातच होतं, पण मला ते ओळखता आलं नाही. परतताना रस्त्यालगतच्या एका एसीच्या गॅरेजात गाडी थांबवली. बाबा मागे बसलेले, हाताला पट्टी. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गॅस संपलाय. दर उन्हाळ्यात भरावाच लागतो. काकांना असं उकाड्यात किती वेळ बसवणार?"

मग त्याने गॅसचा दाब मोजायचं दोन घड्याळांचं गेज आणलं, एक निळं, एक लाल. इंजिन आणि एसी चालू ठेवून निळं घड्याळ माझ्यासमोर धरलं. काटा पन्नासच्या आसपास होता. "बघा, शंभरच्या वर पाहिजे." लाल घड्याळ त्याच्या तळहाताखाली होतं. गॅसचा डबा लावला, थोडा वेळ काहीतरी केलं, इंजिन बंद करायला सांगितलं, आणि दोनतीन मिनिटांनी तोच निळा काटा एकशेवीसवर दाखवला. "झालं फुल." माझ्याच डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विश्वास बसला. २८०० रुपये दिले.

ही हातचलाखी नीट समजून घ्या. निळं घड्याळ कमी दाबाच्या बाजूचं, लाल जास्त दाबाच्या. एसी चालू असताना निळा काटा खालीच असतो, साधारण तीस-चाळीसवर. थोडा वर असला तरी गॅस संपल्याचं ते लक्षण नव्हे. इंजिन बंद केलं की दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू सारखा होतो, म्हणून निळा चढतो आणि लाल उतरतो. उन्हाळ्यात तो दोन्हीकडे शंभरच्या वर जाणारच, मग आत गॅस पुरेसा असो की जास्त. इंजिन चालू असताना 'रिकामं' दाखवायचं आणि बंद करून 'भरलेलं', एवढाच तो सगळा खेळ.

चौथ्या दिवशी सिग्नलला पुन्हा गरम वारा आला. मी परत गेले. या वेळी त्याने लीकेज सांगितलं, पाइप साफ केल्याचे आणि पुन्हा गॅस भरल्याचे ३६०० घेतले. आठवडाभराने आधीपेक्षाही वाईट. तिसऱ्यांदा गेले तेव्हा, "कंप्रेसर गेलाय ताई, बावीस हजार होतील, निम्मे आज द्या." ते पैसे मी दिलेही असते. बाबांच्या औषधांसाठी बाजूला काढलेली रक्कम होती, तिलाच हात लावायचं मनात पक्कं केलं होतं.

आमच्या सोसायटीतले एक काका एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेत. संध्याकाळी त्यांना सहज सांगितलं, तर ते तसेच खाली आले. बोनेट उघडून म्हणाले, "एसी लाव, आणि समोरचा पंखा फिरतो का बघ." पंखा ढिम्म होता. कंडेन्सरवर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या समोरच्या जाळीवर, धूळ आणि कबुतराची पिसं यांचा थर. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, म्हणून कंडेन्सर गार व्हायचा. थांबली की पंख्याशिवाय तो तापणारच, आणि आतल्या गॅसचा दाब वाढणार. लाल काटा त्या दिवशी नक्की नको तितका चढलेला असणार, आणि तो दिसला असता तर गॅस कमी नाही हे तिथेच कळलं असतं.

काकांनी सुचवलेल्या दुसऱ्या गॅरेजात मशीन होतं. त्यांनी आधी सगळा गॅस काढून वजन केलं. बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं नाव आणि लागणारं वजन लिहिलेलं असतं. आमच्या गाडीला आर-१३४ए, ३५० ग्रॅम. मशीनने काढला ५१० ग्रॅम. म्हणजे गॅस कमी नव्हताच, उलट जादा कोंबला होता, आणि जादा गॅसनेही गारवा घटतो. हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. जुन्या रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे खरं. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळतंय आणि ती गळती आधी शोधायला हवी. काही जण उरलेला गॅस सरळ हवेत सोडून देतात, त्याचा मला वेगळा राग येतो. पृथ्वीचं तापमान वाढवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त घातक आहे.

पंख्याची मोटर बदलली, कंडेन्सर धुतला, डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा काळाकुट्ट फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा ओढून काढून ३५० ग्रॅम मोजून गॅस भरला. सगळं मिळून ४१०० रुपये, छापील बिलासह.

पहिल्या गॅरेजात जाब विचारायला गेले तर तो म्हणाला, "बिल दाखवा." बिल त्याने दिलंच नव्हतं, आणि मीही मागितलं नव्हतं. पैसे यूपीआयने दिलेले, पण दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खासगी नंबरवर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते हे माहीत होतं, पण काय काम केलं, किती गॅस भरला, हे दाखवायला माझ्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. ६४०० रुपये गेले ते गेलेच.

मागच्या आठवड्यात बाबांना घेऊन तिथूनच जात होते. त्याच्या दारात एक गाडी बोनेट उघडून उभी, मागच्या सीटवर एक लहान मूल घामाघूम. मी पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली, एसी चालू ठेवला, बाबांना "दोन मिनिटं" म्हटलं आणि चालत मागे गेले. गाडीजवळ उभ्या असलेल्या बाईंना सांगितलं, "इंजिन चालू असतानाच लाल काटाही दाखवायला सांगा. आणि समोरचा पंखा फिरतोय का, ते आधी स्वतः बघा."