काशीच्या देव दीपावलीसाठी खोली घेताना ३३,६०० रुपये गेले

काशीला मी चौथ्यांदा निघाले होते. ठठेरी बाजारातली सकाळची कचोरी-जिलेबी, थंडी पडू लागली की मातीच्या कुल्हडात मिळणारे मलाइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, आणि संकटमोचन मंदिराच्या संगीत समारोहात एकदा पहाटेपर्यंत बसून ऐकलेले गाणे, यांची ओढ लागलेला माणूस तिथे पुन्हा जातोच. या वेळी यजमान आणि मोठ्या जाऊबाई यांच्यासह देव दीपावली पाहायची होती. ती आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच असते, म्हणजे ५ नोव्हेंबर २०२५ रोजी. त्या आठवड्यात घाटाजवळ खोली मिळत नाही हे ठाऊक असल्यामुळे मी २० सप्टेंबरलाच शोध सुरू केला होता; तेव्हा घाईत फसले असे कोणी म्हणू नये.

पंचगंगा घाटाजवळच्या ज्या अतिथिगृहासाठी मी फोन केला, त्याचे नाव, छायाचित्रे, अभिप्राय सारे खरे होते. इंटरनेटच्या नकाशावरचा फोन नंबर तेवढा कोणीतरी बदललेला होता. रोजचे ४,६०० याप्रमाणे चार रात्रींचे १८,४०० रुपये ठरले आणि निम्मे, म्हणजे ९,२०० रुपये, मी यूपीआयने पाठवले. अर्ध्या तासाने फोन आला की, अर्धी रक्कम संगणक स्वीकारत नाही, पूर्ण १८,४०० एकरकमी पाठवा, आधीचे आपोआप परत येतील. तेही पाठवले. वर देव दीपावलीच्या संध्याकाळच्या नावेचे ६,००० रुपये.

पैसे पाठवताना पडद्यावर अतिथिगृहाचे नाव नव्हते, कुणा व्यक्तीचे होते. मी विचारले, तर ‘मालिक के भांजे का खाता है’ असे उत्तर मिळाले. लहान धंद्यात असे चालते, म्हणून ते मी मानले. पण त्याआधीच फोनवरचा तो माणूस बोलून गेला होता, ‘माताजी, कमरे से गंगाजी पर डूबता सूरज दिखेगा.’ काशीचे घाट पश्चिम तीरावर आहेत. तिथे सूर्य गंगेपलीकडे उगवतो आणि शहरामागे मावळतो. तीनही वेळा पहाटे घाटाच्या पायरीवर बसून मी तो उगवताना पाहिलेला आहे, आणि तरीही ते वाक्य ऐकून मी ‘अच्छा’ म्हटले. या माणसाने काशी पाहिलेलीच नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. आजही रात्री ते वाक्य आठवले की झोप लागत नाही.

३ नोव्हेंबरला सामान घेऊन गल्ल्यांमधून तिथे पोहोचलो. व्यवस्थापकाने नोंदवहीतल्या नावांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवले, मग वही आमच्याकडे वळवली. आमचे नाव नव्हते. त्या आठवड्यात असे आलेले आम्ही पाचवे होतो. गुडघे दुखणाऱ्या जाऊबाई पायरीवरच बसल्या. शेवटी सारनाथच्या बाजूला रोज ५,२०० रुपये देऊन राहावे लागले.

नकाशावरच्या नंबरावर विसंबू नका; अतिथिगृहाचा नंबर दुसऱ्या ठिकाणाहूनही पडताळा. ‘आधीचे परत येतील’ म्हणून पुन्हा पैसे मागितले, की तिथेच फोन ठेवा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण सहा आठवडे उलटून गेले होते. ही तक्रार पहिल्या तासात झाली तर पैसे वाटेत अडवता येतात. मला फसल्याचे कळलेच मुळी काशीत. तिथल्या पोलीस ठाण्यात सांगितले, पैसे पुण्यातून पाठवलेत, तिकडे जा. पुण्यात सांगितले, गुन्हा वाराणसीचा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तो नोंदवून घ्यावाच लागतो, असे नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. ते कलम, १७३, मी छापून नेले, तर ‘साहेब बाहेर आहेत’ म्हणून दीड तास बाकावर बसवून ठेवले. बँकेने एका ओळीत कळवले की पिन तुम्हीच टाकला आहे. मग रोज एवढे संदेश कसले पाठवता? चोराचे खाते कुठल्या तरी बँकेने कागद तपासूनच उघडले असेल ना? त्याचा जाब मी कोणाला विचारायचा?

त्या खात्यात २,१४० रुपये गोठवले आहेत, असे डिसेंबरात कळले. ते मिळवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश आणायला सांगितले, आणि वकील त्यासाठी ५,००० रुपये मागत होते.