नव्या विषयाकडे वळताना: एफ३३ की के२५?

पन्नाशीच्या आसपास विषय बदलू पाहणाऱ्या शास्त्रज्ञासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) दोन योजना विचारात घेण्याजोग्या आहेत.

एफ३३ ही ज्येष्ठांसाठीचीच फेलोशिप. पीएचडीनंतर किमान ७ वर्षांचा अनुभव लागतो, मुदत जास्तीत जास्त २ वर्षे. सबॅटिकल (विद्यापीठाकडून मिळणारी दीर्घ अभ्यासरजा) घेऊन दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पुन्हा शिकाऊ व्हायचं. खरी अडचण पैशांची आहे. विद्यावेतन तुमच्या पगारावरून ठरतं, पण पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या शिकाऊ संशोधकाच्या) सर्वोच्च दराच्या वर जात नाही. मूळ संस्था उरलेली भर घालायला तयार आहे का, हे आधी विचारा. घराचे हप्ते आणि मुलांचं कॉलेज ऐन भरात असताना हा प्रश्न छोटा नसतो.

के२५ वेगळी आहे: गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकीतून जैववैद्यकीय संशोधनात येणाऱ्यांसाठी. पोस्टडॉकपासून ज्येष्ठ प्राध्यापकांपर्यंत कुणीही पात्र. मुदत ३ ते ५ वर्षे, पण कामाचा किमान ७५ टक्के वेळ याच संशोधनाला द्यावा लागतो. म्हणजे शिकवण्याचं ओझं विभागाने उतरवायला हवं.

जीवशास्त्रज्ञाला के२५ चा उपयोग नाही. भौतिकशास्त्रज्ञाला मात्र मी तीच सुचवेन. पेशींची भाषा दोन वर्षांत अंगवळणी पडत नाही, आणि चुकायलाही वेळ लागतो.

अमेरिकेतल्या मराठी संशोधकांनी एक लक्षात घ्यावं: दोन्हींसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी व्हिसा चालत नाही.