हिरवी करी घरी, पिझ्झा बाहेर: परदेशी पदार्थ कुठे करावा, कुठे खावा

पोहे किंवा आमटी घरी करायची की बाहेर जाऊन खायची, हा प्रश्न कुणाला पडत नाही. थाई करी, फलाफल, रामेन, नेपल्सचा पिझ्झा म्हटलं की मात्र दर शनिवारी पडतो. गेली आठ-नऊ वर्षं मी कोथरूडमधल्या आमच्या स्वयंपाकघरात हे पदार्थ करते आहे आणि कॅम्प, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांत जाऊन खातेही आहे. एवढ्या वर्षांत माझा एक निकष पक्का झालाय. पदार्थाची चव कशावर उभी आहे ते आधी बघायचं. वाटणावर, भिजवणीवर, नारळाच्या दुधावर उभी असेल तर घर. आगीवर उभी असेल तर हॉटेल. खर्च आणि हौस त्यानंतर.

थाई हिरव्या करीपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त चुकीचा निर्णय लोक इथेच घेतात. ‘हे आपल्याला काय जमणार’ म्हणून बाहेर जातात आणि एका वाटीला ४००-४५० रुपये मोजून गोडसर, पातळ, फिकट हिरवं काहीतरी खाऊन येतात. एका ठिकाणी तर माझ्यासमोर आलेली करी इतकी गोड होती की बासमतीऐवजी पुरी मागवावीशी वाटली. या करीच्या थाई नावात ‘गोड’ हा शब्द आहे हे खरं, पण तो रंगाचा मऊपणा सांगतो, चव नाही. करीत ताडगूळ पडतो तो चमचाभर.

आता घरी काय लागतं ते बघा. हिरव्या मिरच्या, लसूण, छोटे कांदे, धणे, जिरे, मिरी. गवती चहा तर आपल्याकडे कुंडीत असतो. फक्त पाती नको, खालचा पांढरा दांडा हवा. कोथिंबिरीची मुळं लागतात, आणि ती आपल्याला मॉलपेक्षा मंडईत सहज मिळतात, कारण तिथल्या जुडीला मुळं मातीसकट असतात. कोळंबीची थाई पेस्ट नसेल तर जवळा मंद भाजून वाटणात घालते. जवळा वाळवलेला असतो, आंबवलेला नाही, त्यामुळे चव तंतोतंत तीच येत नाही, पण त्या दिशेची नक्की येते. विकत आणावं लागतं ते गलांगल आणि थाई लिंबाची जोडपानं. गलांगल आल्याच्या कुळातलं असलं तरी आलं घालून काम भागत नाही. आल्याचा तिखटपणा वेगळा, याचा वास जवळजवळ झाडाच्या चिकासारखा. दोन्ही गोष्टी फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून एकदाच आणून ठेवायच्या.

आणि मग नारळ. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की दाट दूध शेवटी घालायचं, घातल्यावर खळखळून कढ येऊ द्यायचा नाही, नाहीतर फुटतं. थाई पद्धतीत ते मुद्दाम फोडतात. पहिलं दाट दूध कढईत एकटंच घ्यायचं आणि आटवत राहायचं. आधी बुडबुडे मोठे येतात, मग बारीक होतात, आवाज बदलतो आणि कडेला तेलाची नितळ रेघ दिसायला लागते. त्या तेलात वाटण परतायचं. पातळ दूध नंतर. पहिल्यांदा असं केलं तेव्हा हात थबकत होता, कारण दूध फुटू देणं म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातला गुन्हा. पण त्या तेलात वाटण पडल्यावर जो वास सुटला, तो मला बाहेरच्या कुठल्याच वाटीत मिळालेला नव्हता. खोक्यातलं नारळाचं दूध फुटू नये म्हणून त्यात पुष्कळदा स्थिरक घातलेले असतात, त्यामुळे ते आटवलं तरी चटकन तेल सोडत नाही. ज्याच्या घरी खवणी आहे तो इथे बाजी मारतो. हिरवी करी घरीच करा.

पिझ्झाचं बरोबर उलटं. नेपल्सच्या पिझ्झासाठी भट्टी ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. युनेस्कोने २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा पीठ थापण्या-फिरवण्याइतकंच त्या लाकडाच्या भट्टीपुढच्या कामालाही मोल होतं. आपला ओटीजी २३० ते २५० अंशांना थांबतो. तिथे पिझ्झाला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात काठातलं पाणी उडून जातं. मी जाडजूड पिझ्झा स्टोन आणला, पीठ दोन-दोन दिवस फ्रीजमध्ये मुरवलं, बिडाचा तवा उलटा घालून पाहिला. काठ छान फुगायचा, पण तो आत ओलसर, बाहेर काळ्या ठिपक्यांचा मऊपणा काही येत नव्हता. तो पिठाचा दोष नव्हताच, अंशांचा होता. लाकडाची किंवा तितकी तापणारी भट्टी असलेलं ठिकाण शोधा आणि तिथे पैसे द्या, ते सत्कारणी लागतात. घरी हौस भागवायची असेल तर त्याच पिठाचा फोकाचा, म्हणजे इटालियन पाव, करा. बोटभर जाड, भरपूर ऑलिव्ह तेल, वर जाडं मीठ. तो २३० अंशांना सुंदर होतो.

चिनी फ्राइड राइसही आगीचाच. नुसता भात परतणं घरी जमतं, पण भट्टीच्या त्या गर्जणाऱ्या ज्वाळेत कढई उडवताना येणारा किंचित धुरकट वास घरगुती शेगडी देत नाही. घरी करायचाच तर शिळा, मोकळा भात घ्या आणि एका वेळी एकाच माणसाचा परता. सहा जणांचा भात एकदम टाकलात की कढई गार पडते आणि भाताला वाफ धरते.

फलाफल घरी, आणि इथे माझी चूक सांगायला हवी. पहिल्या खेपेला मी काबुली चणे कुकरला चार शिट्ट्या देऊन घेतले. गोळे तेलात पडले आणि दोन मिनिटांत कढईभर चुरा. पाहुणे बाहेर बसलेले. मग लक्षात आलं की डाळवड्याची डाळ आपण कधी शिजवून घेत नाही. चणे रात्रभर भिजवायचे, निथळून कच्चेच भरड वाटायचे, भरपूर कोथिंबीर, पार्सली, जिरं. कच्च्या चण्यातला स्टार्च तळताना शिजतो आणि गोळा धरून ठेवतो. शिजवलेल्यातला आधीच पाणी पिऊन बसलेला असतो. ज्याला डाळवडा येतो त्याला फलाफल येतो, आणि तो कढईतून काढल्या काढल्या खाण्यासारखा असतो. बाहेर तो बऱ्याचदा आधी तळून ठेवलेला मिळतो.

हमस, म्हणजे काबुली चण्यांचं मऊ वाटण, तेही घरीच, पण त्याचे चणे मात्र चिमूटभर सोडा घालून बोटांत विरघळतील इतके शिजवायचे. त्यात पडणाऱ्या ताहिनीसाठी, म्हणजे तिळाच्या वाटणासाठी, पॉलिशचे तीळ घ्या आणि लाडवाला भाजतो तितके खमंग भाजू नका, कडवटपणा येतो. जेमतेम गरम झाले की पुरे. वाटताना बर्फाचं पाणी घातलं की ताहिनी पांढरीशुभ्र, लोण्यासारखी होते. बाहेरच्या हमसमध्ये ताहिनीचा हात आखडता असतो असा माझा अनुभव आहे.

पास्त्याबद्दल फार लिहीत नाही. शंभर ग्रॅमला एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ, लसूण-मिरची-ऑलिव्ह तेल आणि शेवटी पळीभर पास्त्याचं पाणी. वीस मिनिटांचं काम. पास्ता माणसाची वाट पाहत नाही, माणसाने ताट घेऊन तयार बसावं लागतं, आणि हे घरीच शक्य आहे.

सुशीत दोन भाग पाडा. कच्चा मासा घरी नको, हे मी ठामपणे सांगते. माशातले परजीवी मारायला तो उणे २० अंशांना सात दिवस गोठवावा लागतो. घरचा फ्रीझर जेमतेम उणे १८ ला असतो आणि दिवसातून दहादा उघडतो. सुरमई सकाळी बाजारातून आणली म्हणजे ती कच्ची खाण्याजोगी झाली असं नाही. काकडीची, गाजराची सुशी मात्र घरी खुशाल करा. जपानी तांदूळ महाग वाटला तर इंद्रायणी घ्या. मूळचाच चिकट भात, व्हिनेगर-साखर-मीठ घातल्यावर छान वळतो. आंबेमोहोर यासाठी नको, त्याचा वास व्हिनेगरशी भांडतो.

रामेन, कोरियन भाजलेलं मांस, शवर्मा हे बाहेर. रामेन म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्स, आणि त्यांचा डुकराच्या हाडांचा रस्सा बारा-बारा तास खळखळत ठेवणं घरच्या सिलेंडरला परवडत नाही. पुण्यात यासाठी एक सोय आपोआप झाली आहे. चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात जपानी आणि कोरियन कंपन्या आल्या, त्यांची माणसं आली आणि त्यांच्यासाठी खाण्याची ठिकाणंही निघाली. जिथे त्या देशातली माणसं आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिस सुटल्यावर जेवताना दिसतील ते ठिकाण निवडा. सजावट बघू नका.

खर्चाचा हिशेब एवढाच, की बाटल्या मोजायला विसरू नका. दोन माणसांसाठी एकदाच बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला कोरियन भात, करायला गोचुजांगचा (कोरियन मिरचीच्या पेस्टचा) डबा, तिळाचं तेल आणि सोया सॉस आणलंत तर ते जेवण हॉटेलपेक्षा महाग पडतं. सहा माणसं असतील किंवा महिन्यातून दोनदा होणार असेल तरच डबा आणा. आणि जो पदार्थ कधी खाल्लाच नाही तो आधी एकदा चांगल्या ठिकाणी खाऊन या. जिभेला मुक्काम ठाऊक नसेल तर मीठ-आंबट कुठवर न्यायचं हे कसं कळणार?

येत्या शनिवारी आमच्याकडे सहा जण आहेत आणि खाओ स्वे ठरलंय. ब्रह्मदेशाचा हा पदार्थ तिथून परतलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर इकडे आला. नारळाचं दूध, दाटपणाला भाजलेलं बेसन, नूडल्स, आणि वर घालायला सात-आठ वाट्या: तळलेला कांदा, तळलेला लसूण, उकडलेली अंडी, दाण्याचं कूट, कांदापात, लिंबू, मिरचीची भरड. वाट्या भरायला मुलं आहेत. नारळ तीन लागतील, ते मी आजच सांगून ठेवलेत.