जुनी जिप्सी घेताय? आधी हे वाचा

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यापासून एक पांढरी मारुती जिप्सी उभी आहे, ती माझी. जाणारा येणारा विचारतो विकायची का. कोणाला विकू, जे माझ्यासोबत झालं ते दुसऱ्याला करवत नाही.

२००९ चं मॉडेल, १.३ लिटर पेट्रोल, मीटरवर ७८ हजार. रिंग रोडकडच्या एका यार्डात पाहिली मे २०२३ मध्ये, मागितले पावणेचार, ठरली ३ लाख ४० हजारात. मी पोचलो तर बोनेट आधीच गरम, यार्डवाला म्हणे "भिया, अभी एक पार्टी को ट्रायल दी है". मला वाटलं वा, डिमांड आहे. गाडी मुद्दाम तापवून ठेवलेली हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी थंड इंजिन स्टार्ट केलं तर निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय, शेजारचे काका पोह्याची प्लेट घेऊन बाहेर आले बघायला.

पण खरी गंमत फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याची. जिप्सीत पुढच्या चाकांना हब असतात, हाताने फिरवून फ्री नाहीतर लॉक करायचे, लॉक केले की चाकं एक्सलशी जोडली जातात. त्याने माझ्यासमोर दोन्ही लॉक केले, लिव्हर फोर-हायला, म्हणजे चारही चाकं चालवणाऱ्या गिअरला टाकला आणि यार्डाबाहेर डांबरी रोडवर पूर्ण स्टेअरिंग कापून गोल फिरवली, "देखो भिया, मक्खन". मीही खूश. अरे बाबा, तिथेच तर पकडायचं होतं! या गाडीला पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा भाग) नसतो, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं आणि फोर-हायमध्ये दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकाच स्पीडने फिरतात, म्हणून कोरड्या डांबरावर गाडी अडते, टायर घासतात, स्टेअरिंग जड होतं. मक्खन वळली म्हणजे पुढच्या चाकांना ताकद जातच नव्हती. (तपासायला दोन-चार फूटच चालवा, जास्त नको, ट्रान्सफर केसची, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरबॉक्सची वाट लागते.)

मला कळलं जुलैत, चोरलच्या बाजूला. माळव्यातली काळी माती ओली झाली की काय होते ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. मागची चाकं जागेवर गरगर, पुढची शांत बसलेली. शेवटी ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं, १५०० घेतले. मिस्त्रीने हब उघडला तर आत काहीच नाही, वरची फिरवायची चकती तेवढी शाबूत आणि आत नुसतं ग्रीस भरलेलं. दुसरा पण तसाच.

मग गाडी लिफ्टवर चढवली. खाली ताजं काळं अंडरकोटिंग (गंज लागू नये म्हणून मारतात तो थर), घेताना मला वाटलेलं मालकाने जपलीय. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत गेला, इतकं गंजलेलं, आणि पलीकडे चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पत्रा वेल्ड केलेला. गाडी घेण्याआधी ५०० रुपये देऊन कोणाच्याही लिफ्टवर बघितली असती तर... जाऊ दे.

मीटरचं तर विचारूच नका, सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर दिला तर २०१५ च्या एंट्रीत १ लाख ४३ हजार. हा फोन आधी करायला काय झालं होतं मला?

यार्डात भांडायला गेलो तर त्याने माझ्या सहीचा कागद काढला, त्यात लिहिलेलं गाडी "जहां है जैसी है" घेतली. टोकनच्या दिवशी "जबलपूर की पार्टी निकल चुकी है" म्हणत घाई केली होती, तेव्हा न वाचता सही ठोकलेली. "पेपर क्लीअर" ही म्हणाला होता, ते खोटं नाही, पण रजिस्ट्रेशनची १५ वर्षं भरत आली होती हे आरसीवर छापलेलं असून मी पाहिलं नाही. आता पुढच्या महिन्यात ५ वर्षांसाठी रिन्यू करायचंय, फी ५००० आणि वर फिटनेसची तपासणी.

हब नवे टाकले. इंजिन उघडायचं बाकी आहे, आणि त्या वेल्ड केलेल्या चॅसिसवर फिटनेस मिळेल का विचारलं तर मिस्त्री नुसती मान हलवतो.